लग्नाच्या फोटोबूथवर काम: प्रिंट हातात पडेपर्यंत

प्रश्न नाशिकहून आला आहे. विचारणारी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लग्नात पाहुण्यांचे फोटो काढून तिथल्या तिथे छापून देणारे फोटोबूथ भाड्याने देणाऱ्या एका कंपनीने तिला यंदाच्या लग्नसराईपुरतं काम देऊ केलंय. ते काम नेमकं काय असतं, कॅमेऱ्यातलं काही कळत नसताना जमेल का, आणि रात्री उशीर होतो म्हणून घरचे नको म्हणतात त्याचं काय करायचं, असं तिने विचारलंय. मी अकरा वर्षं या धंद्यात आहे. पहिले तीन हंगाम स्वतः बूथवर उभी राहिले, आता मुलं-मुली तयार करून पुणे, नाशिक, नगर, सोलापूर या भागात पाठवते. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस, म्हणून तुला ‘तू’च म्हणते.

आधी कामाचं मूळ सांगते, कारण ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि उमगायला एक अख्खा हंगाम गेला. लग्नात फोटो काढणाऱ्यांची वानवा नसते. मुख्य फोटोग्राफर, कँडिडवाला, व्हिडिओवाला, ड्रोनवाला, शिवाय ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. एवढं असून आलेल्या आठशे माणसांपैकी किती जणांच्या घरी त्या लग्नाचा कागदावरचा फोटो जातो? अल्बम नवरा-नवरीच्या कपाटात, पेन ड्राइव्ह त्याहून आतल्या कप्प्यात. चुलत मावशी, शेजारचे काका, नवरदेवाचे शाळेतले मास्तर यांच्या वाट्याला काहीच येत नाही. बूथवरचा प्रिंट मात्र ही माणसं त्याच रात्री पर्समध्ये, खिशात घालून नेतात आणि तो फ्रिजवर, आरशाच्या कडेला, दुकानात गल्ल्यामागे लागतो. तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात कोरडा, स्वच्छ, नाव बरोबर असलेला प्रिंट देणं हे तुझं काम आहे. वीज, धूळ, उजेड, रांग असं जे काही पुढे सांगणार आहे ते सगळं त्या प्रिंटसाठी.

यंत्र आपोआप चालतं तर माणूस कशाला, असं यजमान बरेचदा विचारतात. त्यांना मी एक गोष्ट सांगते. सायबेरियातून अमेरिकेत गेलेल्या अनातोल जोसेफोने १९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘फोटोमॅटन’ नावाचं दुकान उघडलं. २५ सेंट टाकायचे, आत बसायचं आणि साधारण आठ मिनिटांनी आठ फोटोंची पट्टी बाहेर यायची. पहिल्या सहा महिन्यांत तिथे २,८०,००० लोक येऊन गेले. ते यंत्र पूर्ण स्वयंचलित होतं, तरीही दाराशी पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस उभा असायचा. कुठे बसायचं, कुठे बघायचं, हे तो लोकांना सांगायचा. शंभर वर्षांत यंत्र बदललं, आठ मिनिटांचे बारा-तेरा सेकंद झाले, पण दाराशी उभा राहणारा तो माणूस अजून लागतोच. या हंगामात ती जागा तुझी.

कंपनी ‘तीन तासांचं काम’ म्हणते. संध्याकाळी सात ते दहा रिसेप्शन, असं त्यात धरलेलं असतं. प्रत्यक्षात दुपारी अडीचला गोडाऊनवर सामान मोजून टेम्पोत चढवायचं, चारला लॉनवर पोचायचं, डेकोरेटरचं काम उरकायची वाट बघायची, दीड तास जोडणीत, सहाला चाचणीचे प्रिंट. दहाला बूथ बंद केला तर सामान आवरून टेम्पो निघेपर्यंत अकरा वाजतात आणि तू घरी बाराला. म्हणजे नऊ-साडेनऊ तास. पैसे ठरवताना हा हिशेब डोक्यात ठेव. ‘कार्यक्रमामागे एवढे’ असा आकडा सांगतील तेव्हा तीन गोष्टी आधीच विचार: वेळ कुठून मोजता, यजमानाने तासभर वाढवला तर जादा पैसे मला मिळतात का, आणि एखादा प्रॉप (फोटोत हातात धरायची खोटी मिशी, चष्मा, पाटी) मोडला किंवा कागद वाया गेला तर माझ्या पैशांतून कापता का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर तिथे जाऊ नकोस. या धंद्यात कागद वाया जातोच, तो मालकाच्या हिशेबात धरलेला असला पाहिजे.

आता जागा. बूथ कुठे लावायचा हे बहुतेक वेळा डेकोरेटर उरलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवून सांगतो. तो कोपरा तंदूरच्या किंवा जिलेबीच्या कढईच्या वाऱ्याला असेल तर मान्य करू नकोस, तेलकट धूर लेन्सवर आणि प्रिंटरमध्ये जातो. डीजेच्या स्पीकरसमोर लावलास तर पाहुण्यांना तुझं बोलणं ऐकू येणार नाही आणि कॅमेऱ्याचा स्टँड थरथरत राहील. झाडाखाली दिवसा पक्ष्यांचा त्रास, आणि डिसेंबर-जानेवारीत उघड्या लॉनवर रात्री दव. नाशिकची आहेस, तुला थंडीतल्या दवाचं वेगळं सांगायला नको. कागद सर्द झाला की कडा वळतात आणि प्रिंटर अडखळतो. वर छत किंवा निदान छत्री माग. जेवणाकडून स्टेजकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला, पण वाट न अडवता, ही सगळ्यात चांगली जागा. जेवून हात धुतलेला माणूस फोटोला राजी असतो, भुकेला माणूस नसतो.

विजेचं मी जरा लांबवर सांगणार आहे, कारण बूथ बंद पडण्याची बहुतेक कारणं तिथेच असतात. लॉनवर आणि मंगल कार्यालयात गेल्या गेल्या वायरमन शोधायचा. मॅनेजर नाही, वायरमन. त्याला ‘दादा, माझं सगळं मिळून एक-दीड किलोवॅटच्या आत आहे, मला डीजेच्या आणि पार लाइटच्या लाइनवर देऊ नका’ एवढं सांगायचं. पार लाइट म्हणजे स्टेजवरचे मोठे रंगीत दिवे. पॉइंट मिळाला की लगेच काही लावायचं नाही. पिशवीत साधा मल्टिमीटर ठेव. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा दिसला तर वायरमनला परत बोलव. तात्पुरत्या मांडवात न्यूट्रलची तार ढिली बांधलेली असते. ती सुटली की एखाद्या फेजवर तीनशेच्या वर व्होल्ट चढतात आणि जे लावलंय ते जळतं. माझ्या तिसऱ्या हंगामात सोलापूरकडच्या एका लॉनवर हेच झालं. मी घाईत मीटर न लावता बोर्ड चालू केला होता. फ्लॅशचा चार्जर, लॅपटॉपचा अडॅप्टर आणि प्रिंटरचा पॉवर सप्लाय एकदम गेले, आणि नवरीची आजी समोरच्या खुर्चीत तयार होऊन बसली होती. तिचा फोटो त्या रात्री निघालाच नाही. तेव्हापासून मीटर आधी, बोर्ड नंतर.

वीज जाऊन जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात संगणक बंद पडला तर परत सगळं उभं राहायला पाच मिनिटं जातात आणि रांग फुटते. म्हणून संगणक, स्क्रीन आणि कॅमेरा यूपीएसवर. प्रिंटर त्या लहान यूपीएसवर लावू नकोस. त्याचं हेड तापताना एकदम बराच करंट घेतो आणि यूपीएस ओरडून बंद होतो. प्रिंटर वेगळ्या स्टॅबिलायझरवर. छपाईच्या मधे वीज गेली तर तो अर्धा प्रिंट फुकट गेला असं समज, उरलेला कागद ओढून काढायला जाऊ नकोस.

ओढू नकोस हे मी प्रत्येक नव्या मुला-मुलीला पहिल्या दिवशी सांगते, तरी पहिल्या दिवशी प्रत्येक जण ओढतो. लग्नात वापरतात तो प्रिंटर शाईचा नसतो. त्यात एक रिबन असते, तिच्यावर पिवळा, मॅजेंटा आणि सायन असे रंगांचे पट्टे आणि शेवटी पारदर्शक थर, या क्रमाने. उष्णतेने रंग कागदात उतरतो. एका फोटोसाठी कागद चार वेळा आत-बाहेर होतो, दर फेरीला एक थर. दुसऱ्या फेरीला तोंडाशी पिवळट-तांबूस अर्धवट फोटो दिसतो आणि पाहुणा म्हणतो, ‘अहो, रंग बिघडलाय.’ त्याला हसून सांगायचं, अजून दोन फेऱ्या आहेत. शेवटचा पारदर्शक थर बसला की फोटो कोरडाच बाहेर पडतो, पाण्याचा हात लागला तरी पुसला जात नाही. लग्नात ओल्या हातांची कमी नसल्यामुळे हा फार मोठा फायदा आहे.

आपल्याकडे जो डीएनपीचा आरएक्स वन प्रिंटर खूप दिसतो, त्याच्या एका रोलमध्ये चार बाय सहा इंचांचे ७०० प्रिंट निघतात. कागद आणि रिबन जोडीनेच येतात आणि जोडीनेच बदलायच्या असतात. एक संपली म्हणून तेवढीच बदलली तर पुढचा हिशेब चुकत जातो. रोल बदलताना हात कोरडे, अंगठी-बांगड्या रिबनला लागू द्यायच्या नाहीत, आणि पंखा बंद. रिबनवर एक धुळीचा कण बसला की प्रत्येक फोटोवर केसासारखी बारीक रेघ येते आणि ती नेमकी कुणाच्या तरी गालावरून जाते. अक्षतांच्या वेळी तर प्रिंटरवर कापड टाकच. तांदळाचा दाणा कागदाच्या वाटेत गेलेला मी स्वतः चिमट्याने काढलाय. हळदीच्या कार्यक्रमात स्क्रीनवर पिवळे तेलकट बोटांचे ठसे पडतात, त्यासाठी ओलं आणि कोरडं अशी दोन फडकी कमरेला. मे महिन्यातल्या दुपारच्या लग्नात आणखी एक गोष्ट. हे प्रिंटर साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडे मांडवात त्याहून कितीतरी जास्त असतं. हेड तापलं की प्रिंटर आपणहून थांबतो. बिघडला म्हणून बंद-चालू करत बसू नकोस. मागची बाजू मोकळी ठेव, टेबलक्लॉथने झाकू नकोस, दोन मिनिटं जाऊ दे.

‘अनलिमिटेड प्रिंट’ हा शब्द यजमानाला कंपनीचा सेल्सवाला देतो आणि निस्तरायचं तुला असतं. हिशेब असा आहे. माणसं आत येणार, पदर-उपरणं सारखं करणार, तीन फोटो, मग प्रिंट. एका गटाला पावणेदोन-दोन मिनिटं धर. तासाला तीस गट, तीन तासांत नव्वद. गटात सरासरी चार माणसं म्हटली तर साडेतीनशे-चारशे माणसं. चार बाय सहाचा एक कागद मधोमध कापून दोन बाय सहाच्या दोन पट्ट्या निघतात, म्हणजे चौघांना चार पट्ट्या द्यायच्या तर दोन कागद. नव्वद गटांना १८० कागद. एका रोलमध्ये हे आरामात बसतं. पण आठशे पाहुण्यांचं लग्न आहे आणि सगळ्यांचे फोटो निघतील असं यजमानाला वाटत असेल, तर ते तीन तासांत एका बूथवर होणार नाही. हे त्यांना सहा वाजता शांतपणे सांगायचं; साडेनऊला सांगितलं तर वाद होतो. त्यांना विचारायचं, ‘काकू, कोणाचे फोटो राहून गेले तर तुम्हाला रुखरुख लागेल?’ त्या नावं सांगतात. ती कागदावर लिहून घे, करवलीला हाताशी धर आणि गर्दी व्हायच्या आत त्या माणसांना बोलावून आण.

कॅमेऱ्याचं ज्ञान नाही म्हणून घाबरलीयेस, तर तेवढं आठवड्यात येतं. बूथचा कॅमेरा मॅन्युअलवर बांधून ठेवलेला असतो: आयएसओ ४००, अॅपर्चर एफ ८, शटर १/१२५ आणि उजेड आपल्या फ्लॅशचा. असं ठेवलं की स्टेजवरचे जांभळे-हिरवे दिवे फोटोत फारसे उतरत नाहीत. बॅटरीऐवजी विजेवरची डमी बॅटरी. लेन्स अगदी वाइड ठेवायची नाही, कारण १८ मिलिमीटरवर कडेची माणसं फुगलेली दिसतात, आणि कडेला उभी राहिलेली वहिनी तो फोटो कधीच लावणार नाही. थोडं मागे सरून २४च्या आसपास. चष्म्यात फ्लॅश चमकत असेल तर फ्लॅश वर उचल, माणसाला चष्मा काढायला सांगू नकोस. जरीच्या शालूवर उजेड फुटत असेल तर फ्लॅश थोडा कमी.

यात फसायची एक जागा आहे. मुख्य फोटोग्राफरचा फ्लॅश ट्रिगर, म्हणजे तारेशिवाय फ्लॅश उडवणारं यंत्र, आणि आपला एकाच कंपनीचा निघाला आणि चॅनेलही एकच असलं, तर त्याने स्टेजवर बटण दाबलं की आपला फ्लॅश इकडे उडतो, आणि आपला फोटो निघाला की त्याचा तिकडे. कारण कुणालाच कळत नाही आणि दोघंही चिडतात. पोचल्यावर त्याच्याकडे जाऊन नमस्कार कर, चॅनेल विचार, आपलं बदल. फ्लॅश दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडाने पेटण्यावर ठेवलेला असेल तर ते बंद कर. त्याच वेळी नवरा-नवरी बूथवर कधी येतील तेही त्याच्याशी ठरवून घे. मुलगी कपडे बदलून हॉलमध्ये येते आणि स्टेजवर चढते, त्याच्या मधली दहा मिनिटं सोयीची. एकदा आहेराची रांग लागली की त्यांना खाली बोलवायचं नाही.

कंपनीतल्या डिझायनरने केलेल्या पट्टीवर नावं असतात, ती तू स्वतः वाचायची. मराठी अक्षरं काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फुटतात. रफार एक अक्षर पुढे सरकतो, वेलांटी सुटते, ‘ऐश्वर्या’चा ‘श्व’ तुटून पाय मोडलेला श आणि व वेगळे पडतात. बूथच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप करायचाच नाही. नावं चित्र म्हणून, पीएनजी करून बसवायची, म्हणजे हलत नाहीत. पत्रिकेवर ज्या क्रमाने आणि ज्या शुद्धलेखनाने नावं आहेत तशीच. मंजुरी घरातल्या एकाच माणसाकडून, लेखी, आदल्या दिवशी. आणि चाचणीचा पहिला प्रिंट निघाला की तो मुलीच्या आईला किंवा वडिलांना नेऊन दाखवायचा. चूक असलीच तर ती एका कागदावर सापडते, पाचशेवर नाही.

आता माणसं. मुलं सात वाजता येतात आणि नऊपर्यंत हलत नाहीत. त्यांना हाकलू नकोस. त्यांतल्या सर्वांत दंगेखोर मुलाला प्रॉप्सची टोपली सांभाळायला दे, तो बाकीच्यांना आवरतो. मिश्या आणि चष्म्यांच्या काड्यांपेक्षा ‘मुलाकडचे’, ‘मुलीकडचे’, ‘आत्याचा मान’ असल्या पाट्या आपल्या लोकांना जास्त आवडतात. दोन बिनहाताच्या खुर्च्या कायम जवळ ठेव. आजी-आजोबांना उभं करायचं नाही, आणि व्हीलचेअरवर कुणी असेल तर कॅमेरा खाली आणायचा, त्यांना मान वर करायला लावायचं नाही. बरेच ज्येष्ठ ‘आम्ही काय फोटो काढायचे आता’ म्हणतात. तो नकार नसतो. एकदा हात धरून म्हटलं की येतात.

एक बाई मला नेहमी आठवतात. नगरजवळचं लग्न होतं. फिकट निळी साडी, कपाळ मोकळं, खांबाला टेकून दोन तास लांबूनच बूथकडे बघत उभ्या. मुलीची मोठी काकू आहेत आणि दोन वर्षांपूर्वी काका गेले, हे मला करवलीने सांगितलं. हळदीच्या वेळी, ओवाळायच्या वेळी त्या अशाच मागे राहिल्या होत्या. कुणी त्यांना ‘मागे राहा’ म्हटलं नव्हतं, पण ‘पुढे या’ असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी रांग थांबवली, त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, ‘काकू, इथे काही विधी नाही, फक्त फोटो आहे. चला.’ त्या नको नको म्हणत आल्या. मुलीला कळलं तशी ती शालू उचलून स्टेजवरून उतरली आणि त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली. तीन फोटो निघाले. पट्टी हातात दिल्यावर काकूंनी ती उलटी करून पाठीमागचा कोरा भाग पाहिला, परत सुलटी केली, आणि पदराच्या टोकात गुंडाळून कमरेला खोचली. आपल्या लग्नांमध्ये अशी माणसं कायम असतात. मान न मिळणारी, कडेला थांबणारी. बूथ ही मांडवातली एकच जागा आहे जिथे कुणाचा मान आधी आणि कुणाचा नंतर असं काही नसतं. तिथे त्यांना बोलावणं तुझ्या हातात आहे आणि ते तू करावंस असं मला फार मनापासून वाटतं.

३६० अंशांचा बूथ, म्हणजे माणसं चौथऱ्यावर आणि कॅमेऱ्याचा दांडा भोवती फिरणारा, हे काम वेगळं समज. त्यावर एकटीने उभी राहायला तयार होऊ नकोस, दोन माणसं हवीतच. एकजण रिमोटवर, दुसरा फक्त कडेवर लक्ष ठेवायला. दांडा फिरत असताना कुणी उतरायचं नाही, कुणी चढायचं नाही, भोवती दोरी किंवा रेलिंग हवं. नऊवारी, घागरा, लांब वेणी, उपरणं, फेट्याचा शेमला या सगळ्या गोष्टी दांड्यात अडकू शकतात. चढायच्या आधी पदर पुढे घेऊन खोचायला सांगायचं, बाईला बाईनेच सांगायचं. पहिली फेरी सगळ्यात कमी वेगाने. लहान मुलं एकटी नकोत, आणि प्यायलेलं माणूस चौथऱ्यावर अजिबात नको, मग तो नवरदेवाचा मामा का असेना. व्हिडिओ मोबाइलवर पाठवताना लॉनवर हजार फोन एकाच टॉवरला झोंबत असतात, नेट चालत नाही. व्हिडिओ साठवून ठेवायचे आणि घरी जाऊन पाठवायचे, असं पाहुण्यांना आधीच सांग.

त्यावरूनच एक महत्त्वाचं. व्हिडिओ पाठवायला पाहुणे त्यांचा नंबर देतात. तो नंबर त्याच कामासाठी दिलेला असतो. कंपनी म्हणेल की यादी ठेवा, पुढे जाहिरात पाठवू. ते चूक आहे आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे. मुलींचे फोटो विचारल्याशिवाय कंपनीच्या इन्स्टाग्रामवर टाकणं हेही तसंच. गावाकडे एका फोटोवरून घरात केवढा गहजब होतो हे आपल्याला माहीत आहे. स्वतःच्या मोबाइलमध्ये पाहुण्यांचा एकही फोटो घ्यायचा नाही. एखादी मुलगी येऊन म्हणाली, ‘ताई, आमचा मघाचा फोटो काढून टाका,’ तर कारण न विचारता तिच्यासमोर डिलीट करायचा.

रात्रीचा प्रश्न. घरच्यांची काळजी बरोबर आहे, तिला ‘काही होत नाही’ असं उत्तर देऊ नकोस. कंपनीला सांग की परतीची सोय दारापर्यंत हवी, आणि ती कुणाबरोबर हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कळायला हवं. टेम्पोत मागे सामानाबरोबर बसून यायचं नाही. बरोबरच्या माणसाचं नाव, नंबर आणि लॉनचा पत्ता आईकडे. शक्य असेल तर पहिला महिना दिवसाची लग्नं घे. दुपारच्या मुहूर्ताची लग्नं भरपूर असतात आणि तिथे संध्याकाळी सातपर्यंत घरी येता येतं. हळदीला आणि संगीतला पिऊन अंगलट येणारे भेटतात. टेबल कायम तुझ्या आणि रांगेच्या मधे ठेव, पाहुण्यांबरोबर फोटोत उभं राहायला ठाम नकार, आणि कुणी हद्द सोडली तर त्याच्याशी बोलत बसायचं नाही, सरळ यजमानांपैकी वयाने मोठ्या माणसाला बोलवायचं. मी माझ्या मुलींना सांगून ठेवलंय की असं झालं तर बूथ बंद करून बाहेर या, बिलाचं मी बघते. तुझा मालक हे वाक्य म्हणतो का, ते कामाला लागायच्या आधी विचारून बघ. त्याच्या चेहऱ्यावरून कळेल.

मुलींना या कामात फायदाही आहे, तो सांगायचा राहिला. काकू-मावश्या, नवविवाहिता, ओढणी सावरणाऱ्या शाळकरी मुली बूथवर बाई दिसली की मोकळेपणाने येतात. पदर सारखा करून द्यायला, टिकली सरकली सांगायला तू असतेस.

जेवणाचं यजमान आग्रहाने म्हणतात, ‘जेवल्याशिवाय जायचं नाही.’ जेव, पण नवरा-नवरी जेवायला बसतील तेव्हा, एकेकाने. दुपारी निघताना पोटात काहीतरी असू दे आणि पिशवीत केळी-शेंगदाण्याची चिक्की ठेव. हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो, मधे पौषात बहुतेक थंड, मग मे महिन्यापर्यंत जोर आणि आषाढापासून चातुर्मासात जवळजवळ शून्य. तेव्हा हे बारमाही उत्पन्न धरू नकोस. कॉलेजच्या परीक्षा एप्रिलमध्ये आणि मोठे मुहूर्तही तेव्हाच, त्या तारखा कंपनीला आत्ताच लिहून दे.

आवरायचा एक क्रम आहे. शेवटचा गट गेला की आधी सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवायचे, एक प्रत यजमानांच्या पेन ड्राइव्हवर, त्यांच्यासमोर उघडून दाखवायची. मग प्रिंटर बंद, थंड होऊ द्यायचा, रिबन आणि कागद बाहेर काढून पिशवीत, कारण आत ठेवून टेम्पोच्या धक्क्यांत नेलं तर नुकसान होतं. मग दिवे, शेवटी बोर्ड. प्रिंटर बंद करायच्या आधी मात्र पाच मिनिटं राखून ठेव आणि यजमानांना विचार, ‘वाढपी, आचारी, वॉचमन यांचे फोटो काढू का?’ बहुतेक यजमान लगेच हो म्हणतात. रात्री साडेदहाला कढया घासून झालेली माणसं हात पुसत येतात, ॲप्रन काढू की राहू दे विचारतात, आणि त्यांतला एखादा आपली पट्टी घेतल्यावर बरोबरच्याला म्हणतो, तुझीपण दाखव.